नुसता नांगर सोडून धावलेले शेतकरी नव्हते ते
‘मिळेल ते हत्यार उचलून धावलेले शेतकरी’ हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या मिलिशियाचं (गावोगावच्या नागरिकांच्या सैन्यदलाचं) वर्णन मला अर्धंच पटतं. शेतकरी होते, पण अचानक कोणी धावलं नाही. मॅसॅच्युसेट्स या इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतीत साधारण 16 ते 60 वयाच्या पुरुषांना मिलिशियात नाव घालणं कायद्यानेच भाग होतं. बंदूक, दारू, गोळ्या ज्याच्या त्याच्या पदरच्या. कवायतीला दांडी मारली की दंड. कप्तान मात्र निवडून दिलेला, म्हणजे हुकूम सोडणारा बहुतेकदा शेजारी, नाहीतर नात्यातलाच!

तिथल्या लेक्सिंग्टन गावचंच बघा, जिथे या युद्धातली पहिली चकमक झाली. 19 एप्रिल 1775 ला रात्री एकच्या सुमाराला मिलिशियातली मंडळी मैदानात जमली, पण इंग्रज फौजेचा पत्ता नाही. थंडीत किती उभं राहणार? ढोल ऐकू येईल इतक्याच अंतरावर थांबा, असं सांगून त्यांचा कप्तान पार्कर याने सोडलं. बरेच जण शेजारच्या बकमन टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले. पहाटे ढोल वाजला तेव्हा रांगेत जेमतेम 77 जण. त्या सकाळी इंग्रजांच्या गोळीबारात 8 जण मेले. जेडेडाया मन्रो सकाळी जखमी होऊनही दुपारी पुन्हा लढायला गेला आणि मारला गेला. खुद्द पार्कर क्षयाने पोखरलेला, सप्टेंबरात वारला.

प्रिन्स एस्टाब्रुकचं नावही घ्यायलाच हवं. तो कृष्णवर्णीय गुलाम, याच रांगेत उभा होता आणि त्या सकाळी जखमीही झाला. पुढे युद्धातही लढला. युद्धानंतर गुलामीतून सुटला, तरी राहिला मात्र त्याच एस्टाब्रुक कुटुंबाकडे.