अनुभव धागा: जुगार थांबला तो निर्धाराने की अडसराने?

जुगाराच्या व्यसनाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "खेळायला कोणी बळजबरी केली होती?" दुसरा म्हणतो, "सरकार काय करतंय?" ज्यांच्या घरात हे घडून गेलंय ती माणसं या वादात सहसा तोंड उघडत नाहीत, कारण लाज वाटते. हा धागा त्यांच्यासाठी. खेळणारे, सोडलेले, घरचे, बँकेत किंवा समुपदेशनात काम करणारे, सगळ्यांनी लिहा. मतं मागाहून, आधी घडलेलं सांगा: ऐनवेळी काय कामी आलं आणि काय नाही. नावगाव आणि कंपन्यांची नावं टाळा.

सुरुवात मी करते. माझा दादा मोबाइलवर स्लॉट खेळायचा, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायचा जुगार. एका रात्री बऱ्यापैकी जिंकला आणि पैसे बँकेत वळते करायची विनंती लगेच टाकून मोकळा झाला. मला फोन केला, "झालं, आता बंद. या पैशातून हप्ता भरतो." आवाज कितीतरी दिवसांनी हलका वाटला. पण ॲपमध्ये पैसे भरायला क्षणभर लागायचा, काढायला मात्र दिवस. तोवर पडद्यावर ती रक्कम तशीच दिसत होती आणि तिच्याशेजारी बटण होतं, 'विनंती रद्द करा'. पहाटे कधीतरी त्याने ते दाबलं. उजाडेपर्यंत सगळं गेलं होतं.

स्वतःची जबाबदारी म्हणतात ती दादाने त्या रात्री घेतली होती. निर्णय घेतला, पैसे काढायला लावले, घरी कळवलं. आणखी काय करायचं असतं माणसाने? तो निर्णय मोडायची सोय मात्र कोणीतरी विचार करून तिथे ठेवली होती. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन जुगार चालवणाऱ्यांना हे बटण द्यायला मनाई आहे. तो नियम वाचला तेव्हा मला रडू आवरलं नाही. तो कोणाचा खेळ बंद करत नाही. माणसाने शुद्धीत घेतलेला निर्णय सकाळपर्यंत टिकू देतो, एवढंच.

खेळ सोडलेला एक जण

ताई, तुमच्या दादाचं वाचून पोटात कालवलं. तरी माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मला कुठल्या कायद्याने सोडवलं नाही. मी खेळत होतो तोवर दोष द्यायला मला रोज कोणीतरी सापडायचं: कंपनी, जाहिराती, सरकार, नशीब. दोष दुसऱ्यावर गेला की पुढचा डाव खेळायला मन मोकळं.

माझं वळण जुगार सोडू बघणाऱ्यांच्या स्वमदत गटात आलं. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये असा पहिला गट सुरू झाला, आता तो जगभर आहे. तिथली पहिलीच पायरी अशी की जुगारापुढे आपलं काही चालत नाही, हे तोंडाने कबूल करायचं. मी कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी सगळी कार्डं, पासवर्ड बायकोच्या हवाली केले. आजही हिशेब तीच बघते. हे मी केलं. कोणी करायला लावलं नाही.

धागाकर्ती

दादा, एक विचारते, राग मानू नका. कार्डं बायकोकडे दिलीत म्हणजे स्वतःच्या हाताने बाहेर एक अडसरच उभा केलात ना? ज्याच्या घरी असं विश्वासाने काही सोपवायला माणूसच नाही, त्याने कोणाकडे द्यायचं?

खेळ सोडलेला एक जण

खरंय. आमच्या गटात असे एकटे पुष्कळ होते आणि पुन्हा खेळाकडे वळणाऱ्यांत तेच जास्त होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बँकेत काम करणारी

या व्यसनात तोंडाला वास येत नाही, झोक जात नाही. दिसतं ते फक्त खात्याच्या उताऱ्यात. पगार जमा, त्याच रात्री एकाच ठिकाणी छोट्या छोट्या रकमा, मध्ये पाच-सात मिनिटांचं अंतर, मग कर्ज देणाऱ्या ॲपकडून आलेली रक्कम, आणि ती पुन्हा त्याच ठिकाणी.

एक गृहस्थ काउंटरवर येऊन हळू आवाजात म्हणाले होते, "माझ्या खात्यातून जुगाराला पैसे जाणार नाहीत असं काही करता येतं का?" आमच्याकडे तेव्हा तशी सोय नव्हती. शरमेने लाल झालेला त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काही देशांतल्या बँका आता ॲपमध्येच हे कुलूप देतात, आणि ते उघडायला सांगितलं तरी एक-दोन दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात तलफ ओसरते. ब्रिटनने तर एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी घातली. स्वतःचे पैसे हरणं वेगळं आणि उधारीचे हरणं वेगळं. आमच्यासारख्यांना तो फरक रोज दिसतो.

मर्यादेत खेळणारा

दुसरी बाजूही नोंदवतो. मी अधूनमधून सामन्यांवर पैज लावतो, ठरलेल्या रकमेच्या वर जात नाही, कोणाचं देणं नाही. तरी पैज घेणाऱ्या कंपनीने माझ्याकडे उत्पन्नाचे कागद मागितले. माझ्या पगाराची चौकशी करायचा अधिकार यांना कोणी दिला? बहुतेक खेळणारे माझ्यासारखेच असतात. थोड्यांच्या त्रासापायी सगळ्यांच्या खिशात हात का?

समुपदेशक

तुमचा प्रश्न रास्त आहे. कागद मागणं मलाही पटत नाही, कारण ते माणसाकडे बोट दाखवतं. मी खेळाकडे बघायला सांगेन.

आधी आजाराबद्दल. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० साली आला, तेव्हा तो आवेगाच्या विकारांत मोडायचा. २०१३ च्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी, व्यसनांमध्ये गेला. माझ्याकडे एक वृद्ध शिक्षक आले होते. आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेले. कंपवातासाठी डोपामाइनसारखं काम करणारं औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत त्यांनी साठवलेली पुंजी ऑनलाइन जुगारात घालवली. या औषधांचा हा दुष्परिणाम वैद्यकात नोंदलेला आहे. डॉक्टरांनी औषध बदललं आणि ओढ गेली. ते मला विचारायचे, "मग इतके दिवस खेळत होतो तो मी होतो की नव्हतो?" सगळ्या रुग्णांचं असं नसतं, उलट असे थोडेच. पण निर्धार नावाची गोष्ट मेंदूच्या बाहेर कुठेतरी सुरक्षित ठेवलेली असते, हा समज माझ्यापुरता त्या दिवशी संपला.

आता खेळ. एक नाणं लावलंत, अर्धं परत आलं, तरी पडद्यावर दिवे आणि जिंकल्याचं संगीत. मेंदू ते जिंकणं म्हणूनच नोंदवतो. ब्रिटनने ही दिशाभूल २०२१ मध्ये थांबवली आणि ऑनलाइन स्लॉटच्या दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं. अडीच सेकंद ऐकायला काहीच नाही. पण तंद्रीत गेलेल्याला भानावर यायला फट लागते ती एवढीच.

नॉर्वेने आधी २००६ मध्ये स्लॉट यंत्रांत नोटा घालणं बंद केलं, मग २००७ मध्ये यंत्रंच काढून टाकली. पुढे सरकारी मालकीच्या कंपनीची यंत्रं आली, ती वैयक्तिक कार्डावर चालणारी, हरण्याची मर्यादा बांधलेली. यंत्रं गेल्यावर मदतवाहिनीवर येणारे फोन घटले आणि सगळे खेळणारे दुसऱ्या जुगाराकडे वळले असंही झालं नाही. तिथे कोणाला पगार विचारावा लागला नाही. तुमच्यासारख्याला अशा मर्यादेने काय अडलं असतं?

मर्यादेत खेळणारा

फारसं नाही. मी त्या मर्यादेच्या आतच असतो.

आधी एका जुगार कंपनीच्या ग्राहक सेवेत होतो

मी ते काम सोडलंय. आमच्याकडे खूप हरणाऱ्यांची वेगळी यादी असायची, त्यांना 'खास ग्राहक' म्हणायचे. अशा माणसाने काही दिवस खेळ थांबवला की आम्ही फोन करायचा: तब्येतीची चौकशी, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खात्यात बोनस. त्याच ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत 'जबाबदारीने खेळा'. थांबू बघणाऱ्याला भरीस घालणं हे आमचं काम होतं. सरकारने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण हा फोन तेवढा बंद करावा.

एक पत्नी

अडसर गळतात, हेही सांगायला हवं. 'मला ठरावीक मुदतीपर्यंत खेळू देऊ नका' असं सांगणाऱ्यांची एक नोंदवही असते. माझ्या नवऱ्याने स्वतःहून त्या बंदीच्या नोंदवहीत नाव घातलं. परवाना असलेल्या सगळ्या कंपन्यांनी त्याला दार बंद केलं. मग त्याला विनापरवाना साइट सापडली, तिची जाहिरातच अशी की 'आमच्याकडे ती बंदी लागू नाही'. तिथे बुडालेल्या पैशांची दाद कुठे मागणार?

तरी मधले काही महिने शांततेत गेले. त्याच काळात मुलीची फी भरली गेली आणि तो पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेला. सिंगापूरमध्ये घरचे लोक अर्ज करून माणसाला कॅसिनोत प्रवेशबंदी मागू शकतात आणि समिती दोन्ही बाजू ऐकते, असं वाचलं. मला तेव्हा असा अर्ज करता आला असता तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते.

आता एक विचारायचं आहे. त्याच्या बंदीची मुदत लवकरच संपतेय. तो बरा आहे, हसतो, जेवतो. तरी मला झोप नाही. मुदत वाढवायचा विषय काढला तर अविश्वास दाखवला असं होईल का?

खेळ सोडलेला एक जण

वहिनी, विषय आत्ताच काढा, मुदत संपायची वाट बघू नका. सकाळी काढा, तो ताजातवाना असताना, आणि फॉर्म त्यालाच भरू द्या. सगळ्यात मोठी मुदत निवडायला सांगा. मी दर वेळी तेच करतो, आणि बायको शेजारी बसलेली असते.