घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांचा दाखला, मुक्तिधाम (स्मशानभूमी) आणि नोंदणी (इंदूर)

प्रश्न (सुदामानगर):
माझे सासरे ८६ वर्षांचे असून बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि आता रुग्णालयात न हलवता घरीच शुश्रूषा करावी, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. थोरले दीर कॅनडात असल्यामुळे वेळ आलीच तर सगळे आम्हा दोघांनाच पाहावे लागेल. सर्वप्रथम कोणाला बोलवावे, कोणता कागद घ्यावा आणि दिरांसाठी थांबावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आधीच विचारणे अभद्र वाटेल, याची कल्पना आहे.

उत्तर १:
यात अभद्र काही नाही. नात्यागोत्यात फोन करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लेखी घ्यावा. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो विनाशुल्क द्यावा, असे १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात म्हटले आहे. घरी मृत्यू झाल्यास महापालिकेला २१ दिवसांत कळवणे ही कुटुंबाची जबाबदारी असते, रुग्णालयात झाल्यास रुग्णालयाची. मुक्तिधामाच्या पावतीवर नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहून घ्यावे, कारण तेथे ‘दत्तात्रय’चे ‘दत्तात्रेय’ झाले, तर पुढे बँक आणि पेन्शनच्या कामात फेऱ्या माराव्या लागतात.

उत्तर २:
दिरांची वाट पाहायची असल्यास पार्थिव ठेवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या फ्रीजरची चौकशी आजच करून ठेवावी. नेत्रदानाची इच्छा असेल, तर त्यासाठी मात्र थांबता येत नाही, कारण नेत्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवून पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि उशी थोडी उंच करावी. पेसमेकर असल्यास तो दहनापूर्वी काढून घ्यावाच लागतो, कारण आगीत त्याचा स्फोट होतो.

प्रश्नकर्ती:
सासऱ्यांना पेसमेकर आहे, आणि ही गोष्ट आम्हाला आजवर कोणीही सांगितली नव्हती. तो कोण काढते?

उत्तर २:
छातीवर लहानशी चीर देऊन डॉक्टर किंवा शवागारातील प्रशिक्षित कर्मचारी तो काढतात. घरी कोण येऊ शकेल, हे तुमच्या डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे.

उत्तर ३:
अस्थी पुष्कळ इंदूरकर नर्मदेवर खेडीघाटाला किंवा ओंकारेश्वराला नेतात. दीर उशिरा पोहोचणार असतील, तर अस्थिकलश त्यांच्यासाठी राखून ठेवावा आणि दहाव्याला घाटावर त्यांच्या हातून विसर्जन करावे. अग्नी धाकट्या मुलाने दिल्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे आमच्या गुरुजींनीही सांगितले होते. उठावण्याची (अंत्यविधीनंतरच्या शोकसभेची) वेळ ठरवून कळवण्याचे काम शेजारच्या एखाद्या समंजस गृहस्थांकडे सोपवावे, म्हणजे त्या दिवशी फोनपाशी तुम्हाला बसावे लागणार नाही.