‘बंप स्टॉक’ला मराठीत काय म्हणावं? (दस्ता, चाप, घोडा आणि ‘आपोआप’)

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी काही अमेरिकी निकालांचे मराठी सारांश करते आहे. सध्या हातात ‘गार्लंड विरुद्ध कारगिल’ आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १४ जून २०२४ चा निकाल. आठवडाभर अडून बसले आहे, आणि कायद्यावर नव्हे, शब्दांवर.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून खाली चाललेल्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. दहा-अकरा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या. त्याच्या रायफली अर्धस्वयंचलित होत्या, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. पण त्यातल्या अनेकांना बंप स्टॉक (रायफलीचा खांद्याला टेकवायचा असा दस्ता, ज्याने मारा मशीनगनसारखा वेगवान होतो) बसवलेला होता. पुढे ट्रम्प सरकारने नियम करून बंप स्टॉक ‘मशीनगन’च्या व्याख्येत घातला आणि २६ मार्च २०१९ पासून तो बाळगणं बेकायदा झालं. २०२४ च्या निकालाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला.

माझ्या मनात या शब्दाची जुनी बोच आहे. त्या आठवड्यात मी एका दैनिकात रात्रपाळीला होते. वृत्तसंस्थेची बातमी हातात आली, पान सुटायला वीस मिनिटं, आणि मी ‘स्टॉक’चं भाषांतर ‘साठा’ केलं. सकाळी छापून आलं की हल्लेखोराने ‘बंप साठा’ वापरला. ५८ माणसं गेल्याची बातमी होती ती (पुढे जखमांनी आणखी दोघं गेली, आकडा ६० झाला). अशा बातमीत आपला शब्द अर्थशून्य असावा, हे मला अजून सहन होत नाही.

तर प्रश्न तीन. बंप स्टॉकला काय म्हणावं? ट्रिगर म्हणजे घोडा की चाप? आणि या उपकरणाबद्दल इंग्रजीत जे ‘सिम्युलेट’ म्हणतात, ते मराठीत कसं आणावं? ‘आभासी स्वयंचलित गोळीबार’ असं एका मसुद्यात लिहून खोडलंय.

प्रतिसाद

ताई, ‘आभासी’ खोडलंत ते फार बरं केलंत. आभासी म्हणजे जे नाही ते दिसणं. ‘बनावट’ही नको, ‘नकली’ही नको. गोळ्या खऱ्या, वेग खरा. ‘स्वयंचलित शस्त्राची बरोबरी करणारा मारा’ म्हणा, किंवा साधं ‘मशीनगनसारखा मारा’. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: ‘सरकता दस्ता’.

प्रतिसाद (सिंधुदुर्गातून)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण ही माझ्या घरातली गोष्ट आहे. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात उतरायची, माकडं नारळावर. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत.

तिच्यात घोडा आणि चाप या दोन निराळ्या वस्तू होत्या. आजोबा नळीत दारू ओतायचे, वर चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठासायचे. नंतर अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. त्याला आम्ही ‘घोडा चढवला’ म्हणायचो. नळीच्या मागच्या बोंडीवर केप (आघाताने पेटणारी छोटी टोपी) बसवलेली. मग बोटाने खालचा चाप ओढायचा. चाप ओढला की घोडा केपवर पडायचा आणि बार व्हायचा. घोडा वर, चाप खाली. घोडा मारतो, चाप त्याला सोडतो.

नव्या बंदुकांत घोडा पोटात गेला, दिसेनासा झाला. मग लोक जे दिसतं त्यालाच घोडा म्हणायला लागले. वर्तमानपत्रात ‘घोडा दाबला’ असं सर्रास येतं. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत तर घोडा म्हणजे सबंध पिस्तूल. ही रूढी आता मोडणार नाही, आणि कथा-कादंबरीत ती चालून जाते. पण कायद्याच्या मजकुरात ट्रिगर म्हणजे चाप आणि हॅमर म्हणजे घोडा, एवढं कृपया पाळा.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचं हे वाचून निकाल पुन्हा उघडला, आणि गाठ इथेच आहे असं दिसलं. सविस्तर लिहिते.

अमेरिकेचा मूळ कायदा १९३४ चा. त्यात मशीनगन म्हणजे असं शस्त्र, जे पुन्हा हाताने न भरता, ट्रिगरच्या एकाच ‘फंक्शन’ने, आपोआप एकाहून जास्त गोळ्या झाडतं. सगळा खटला ‘ट्रिगरचं एकच फंक्शन’ आणि ‘आपोआप’ या दोन टोकांवर उभा होता.

बहुमताचं निकालपत्र न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचं. त्यांनी चक्क आकृत्या देऊन रायफलच्या पोटातले भाग दाखवले आहेत. त्यांचं म्हणणं तुमच्या आजोबांच्या शब्दांत सांगायचं तर असं: चापाचं काम घोडा सोडणं. बंप स्टॉक लावला तरी दर गोळीमागे चाप मूळ जागी येतो आणि पुन्हा ओढला जातो, म्हणून दर गोळीला चापाचं काम एकदाच होतं. शिवाय दुसऱ्या हाताने बंदूक पुढे रेटत राहावं लागतं, म्हणून ते ‘आपोआप’ही नाही.

न्या. सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात उलट बाजूने पाहिलं, बंदूक धरणाऱ्याच्या बाजूने. माणूस चाप एकदा ओढतो, बोट तिथेच टेकवून ठेवतो, पुढे रेटत राहतो, आणि गोळ्या सुटत राहतात. जो पक्षी बदकासारखा चालतो, पोहतो आणि ओरडतो त्याला मी बदकच म्हणते, असं त्यांनी लिहिलं.

म्हणजे एकाने ‘चापाची हालचाल’ मोजली, दुसरीने ‘माणसाची ओढ’. मी ‘फंक्शन’ला ‘चाप ओढणे’ लिहिलं असतं तर नकळत विरोधी मत मांडून बसले असते. ‘चापाची क्रिया’ लिहिलं तर दोन्ही वाचनांना जागा राहते. तेच ठेवते.

आपल्याकडच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मधली व्याख्याही ताडून पाहिली. ‘निषिद्ध शस्त्रा’त असं अग्निशस्त्र येतं, जे असं बनवलेलं किंवा फेरफार केलेलं आहे की चापावर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. इथे क्रिया मोजलेलीच नाही, दाब मोजला आहे. आणि ‘फेरफार केलेलं’ हा शब्दही त्यात आहे. मला ही रचना जास्त पक्की वाटते, कारण ती परिणामाकडे पाहते.

प्रतिसाद (टेक्सासहून)

‘सरकता दस्ता’ ऐकायला छान आहे पण चूक आहे. दस्ता सरकत नाही, बंदूक सरकते. दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला असतो. गोळी सुटली की धक्क्याने रायफल त्याच्यात मागे येते, पुढच्या हाताच्या रेट्याने पुन्हा पुढे जाते, आणि चाप जागच्या जागी धरलेल्या बोटावर येऊन आदळतो. बोट चाप ओढत नाही, चाप बोटावर आपटतो. ‘बंप’ हा शब्द त्या आपटण्याचा आहे.

याच्याआधी स्प्रिंग असलेलं एक मॉडेल निघालं होतं. त्यात रायफल पुढे ढकलण्याचं काम स्प्रिंग करायची. २००६ मध्ये ते मशीनगन ठरलं. मग स्लाइड फायर कंपनीने, जी आमच्याच टेक्सासमधल्या मोरान गावची, स्प्रिंगविना दस्ता बनवला आणि २०१० मध्ये त्याला सरकारी खात्याची हरकत नसल्याचं पत्र मिळालं. स्प्रिंगच्या जागी माणसाचा हात आला, एवढाच फरक. त्या पत्रात असं नमूद आहे की हाताची हालचाल मर्यादित असलेल्या लोकांना मदत व्हावी म्हणून हे उपकरण आहे. ते वाचताना मला फार वाईट वाटतं. ज्याचा हात चालत नाही त्याच्या नावाने ही वस्तू बाजारात आली, आणि २०१८ मध्ये सरकारी अंदाजच २,८०,००० ते ५,२०,००० नगांचा होता.

मी एकदाच जवळून पाहिलंय, व्हेगासच्या आधी. मित्राच्या मित्राने आणलं होतं. तीस गोळ्यांचं मॅगझिन चार-पाच सेकंदांत संपलं. गरम पुंगळ्या माझ्या बुटांपर्यंत आल्या. लक्ष्याचा कागद पंचवीस यार्डांवर होता. जाऊन पाहिलं तर मधल्या वर्तुळात एक भोक, कडेला चार-पाच, बाकी गोळ्या मागच्या मातीच्या बांधात. तो माणूस खूश होता. पुन्हा लावायला त्याच्याकडे गोळ्या उरल्या नव्हत्या.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा)

ताई, मला इंग्रजी निकालातलं कळत नाही, बंदुकीचं कळतं. चोवीस वर्षं पायदळात काढली, शेवटची काही वर्षं रिक्रुटांना फायरिंग शिकवण्यात.

आमचे उस्ताद पहिल्या दिवशी तीन गोष्टी पाठ करून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. एनसीसीच्या पोरांनाही हेच शिकवतात. इथली ‘शिस्त’ म्हणजे नेम. फारसीतून आलेला हा शब्द मुळात नेमाचाच, मराठीत तो वागणुकीला चिकटला.

आता तुमचं हे उपकरण या तिन्हींवर तपासा. पकड? बंदूक दस्त्यातच सैल, मग पकड कशावर. शिस्त? गाल दस्त्यावर, पण माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) डोळ्यासमोर पुढेमागे नाचते. ट्रिगर ऑपरेशन? ते तर बोट करतच नाही. श्वास रोखून बोटाच्या पहिल्या पेराने हळू दाब द्यायचा, हे आम्ही महिनोन्महिने घोटून घेतो. इथे चापच येऊन बोटावर आपटतो. दस्ता ढिला झालेली रायफल आमच्याकडे आर्मोररकडे दुरुस्तीला जायची. हे लोक पैसे देऊन दस्ता ढिला करून घेतात. म्हणून माझा शब्द: ‘ढिला दस्ता’.

उपयोगाचं विचाराल तर सैनिकाला शून्य. सलग मारा हे एलएमजीचं, म्हणजे हलक्या मशीनगनचं काम. ती दोन पायांच्या टेकूवर ठेवायची, मागे गोळ्या पुरवणारा जोडीदार, आणि ते कशासाठी, तर शत्रूने डोकं वर काढू नये आणि आपल्या पोरांना पुढे सरकता यावं. रायफलवाल्याने एक-एक गोळी मोजून मारायची. आमच्या इन्सासला एक गोळी किंवा तीन गोळ्यांचा बर्स्ट, एवढंच होतं. अमेरिकी फौजेनेही व्हिएतनामनंतर एम-१६ च्या नव्या आवृत्तीत पूर्ण ऑटोमॅटिक काढून तीनचा बर्स्ट आणला, कारण पोरं घाबरून मॅगझिन रिकामी करायची. जंगलात डोंगरउतारावर खाली-वर करताना प्रत्येक गोळीचं वजन पाठीवर असतं.

शिकाऱ्यालाही काही उपयोग नाही. पहिल्या बाराला जनावर पडलं नाही तर ते गेलं.

हे हत्यार फक्त एका ठिकाणी कामाचं. जिथे नेम धरायचीच गरज नाही, जिथे समोर माणसांची दाटी आहे. त्या मैदानात वीस-बावीस हजार लोक होते असं वाचलं. तिथे शिस्त चुकली तरी गोळी कुणाला ना कुणाला लागतेच. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

प्रतिसाद

सुभेदारसाहेब, नमस्कार तुम्हाला. मला एवढंच विचारायचं आहे की तीनचा बर्स्ट मग अमेरिकी व्याख्येत कुठे बसतो?

मूळ प्रश्नकर्ती

मशीनगनमध्येच. चापाच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या, मग तीन असोत की तीनशे. विचित्र वाटेल, पण मिनिटाला ४०० ते ८०० च्या वेगाने गोळ्या झाडणारा बंप स्टॉक त्या व्याख्येबाहेर राहिला, आणि तीनवर थांबणारी रायफल आत. न्या. अलिटो यांनी बहुमताच्या बाजूने लिहितानाही म्हटलंय की १९३४ च्या संसदेला मशीनगन आणि बंप स्टॉक लावलेली रायफल यांत फरक दिसला नसता, आणि कायदा बदलण्याचा साधा मार्ग संसदेकडे आहे. काही राज्यांनी आपापली बंदी आधीच घातली होती, ती या निकालाने जात नाही. ‘बंप स्टॉकवरील बंदी उठली’ असं सरसकट लिहिणंही म्हणून चूक. केंद्राचा नियम रद्द झाला, एवढंच.

सुभेदारसाहेब, ‘ढिला दस्ता’ मला मनापासून आवडला, पण निकालाच्या मजकुरात तो वापरला तर मी बाजू घेतल्यासारखं होईल. ‘ढिला’मध्ये दोष आहे आणि न्यायालयासमोर वादी तो दोष मानत नव्हता. म्हणून मजकुरात ‘बंप स्टॉक’च ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला हे वाक्य जोडते: ‘बंप स्टॉक, म्हणजे रायफलचा असा दस्ता ज्यात गोळीच्या धक्क्याने रायफल मागे येते, पुढच्या हाताच्या रेट्याने पुन्हा पुढे जाते आणि चाप दर वेळी स्थिर बोटावर येऊन आदळतो, ज्यामुळे अर्धस्वयंचलित रायफलचा मारा मशीनगनच्या माऱ्याची बरोबरी करतो.’ लांब आहे, पण त्यातला एकही शब्द काढावासा वाटत नाही. तुमचा शब्द विद्यार्थ्यांसाठीच्या टिपणात घेईन, ‘पायदळातले एक निवृत्त सुभेदार याला ढिला दस्ता म्हणतात’ असं.

एक शब्द अजून हवा आहे. ‘बायनरी ट्रिगर’ म्हणून एक प्रकार आहे, त्यात चाप ओढताना एक गोळी सुटते आणि सोडताना दुसरी. ‘दुहेरी चाप’ म्हटलं तर दोन चाप वाटतात, दुनळी बंदुकीसारखे.

प्रतिसाद (सिंधुदुर्गातून)

‘दुबारी चाप’ बघा. एका चापाचे दोन बार. आमच्याकडे दोन बारांच्या बंदुकीला दुबारी म्हणतात खरं, पण पुढे ‘चाप’ लागला की गोंधळ होऊ नये. आईला विचारून उद्या सांगतो, तिला आजोबांचे शब्द माझ्यापेक्षा जास्त आठवतात.