मदत हवी आहे : भाचीसाठी विचार करायला लावणारे विज्ञानपट सुचवा

भाची यंदा नववीत आहे. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून झाल्यात आणि आता तिला तसेच सिनेमे हवेत. मारधाड नको, कल्पना हवी, असं स्वच्छ सांगितलंय तिने!

मी विज्ञानकथा-सिनेमांना मिळणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांची यादी घेऊन बसले. हा पुरस्कार वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे चाहतेच, मतदानाने देतात, म्हणून माझा त्यावर ऑस्करपेक्षा जास्त विश्वास. २०१६ साली 'द मार्शियन', २०१७ साली 'अरायव्हल'. दोन्ही आम्ही पाहिले. 'अरायव्हल'मध्ये काचेपलीकडचा तो परग्रहावरचा प्राणी धुरकट शाईची वर्तुळं काढतो आणि एकेक वर्तुळ म्हणजे अख्खं वाक्य असतं, तिथे तिने सिनेमा थांबवून वहीत वर्तुळं काढली. मला असं काहीतरी पुन्हा घडायला हवंय.

पण नुसत्या विजेत्यांवर भागत नाही. २०१५ साली 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' जिंकला आणि 'इंटरस्टेलर' नामांकनावरच राहिला. मला तो निकाल आजही पटत नाही. म्हणजे हरलेल्यांतही रत्नं असणार, ती कोणती?

जपानी, कोरियन, रशियन काहीही चालेल, सबटायटल्स ती भराभर वाचते. फक्त वयाला साजेसं असावं आणि भारतात घरबसल्या बघायला मिळावं. २००१ सालाआधीचे जुनेही सांगा. आणि प्लीज, नुसतं नाव नको, का आवडला तेही दोन ओळींत लिहा.