व्हिडिओतल्या संगीतासाठी एकदाच पैसे की दरमहा?

काही जण म्हणतात, संगीत पुरवणाऱ्या साइटची वर्गणी थांबवली की ते संगीत वापरलेल्या जुन्या व्हिडिओंवर हक्काचे दावे येतात. सरसकट तसं नाही. एपिडेमिक साउंड आणि आर्टलिस्ट या अशाच दोन साइट, दोन्हीकडे वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेला व्हिडिओ नंतरही सुरक्षित राहतो. अडचण होते ती ट्रॅक डाउनलोड करून ठेवून वर्गणी संपल्यावर वापरणाऱ्यांची.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो. हंगामात आठवड्याला दोन-तीन, पावसाळ्यात जवळपास शून्य. म्हणून हंगामापुरतीच वर्गणी भरतो. चॅनलच्या सुरुवातीच्या धूनसाठी मात्र एकदाच पैसे मोजून परवाना घेतला. तिथे अटी नीट वाचा, कारण एकेका ट्रॅकचा परवाना विकणाऱ्या ऑडिओजंगलसारख्या साइटवर एक परवाना म्हणजे एकच प्रकल्प. दुसऱ्या ग्राहकाच्या कामात तोच ट्रॅक टाकला की परत पैसे! पावती जपून ठेवा, यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (दुसऱ्याच्या हक्काचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला की तीच कामी येते.

आणि 'तुकोबांचा अभंग आहे, त्याला कसला परवाना' असं म्हणणारे बरेच भेटतात. शब्द मुक्त आहेत हो, पण त्याच्या रेकॉर्डिंगवर भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो. चालही कुणा संगीतकाराची असू शकते.