प्रति: टेलस्केलवरून डोमेन जॉइन

प्रश्न होता, घरचा विंडोज लॅपटॉप टेलस्केलवरून (मशीन एकमेकांना खाजगीरीत्या जोडणारं व्हीपीएन) ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे युजर आणि मशीन एकत्र सांभाळणाऱ्या नेटवर्कला, कसा जोडायचा. ‘टेलस्केल जोडलं की स्क्रिप्टने अ‍ॅड-कॉम्प्युटर (मशीन डोमेनला जोडणारी कमांड) चालवा’ हे आधी एकाने सुचवलंय ते चालतं, पण खरी गोची रीस्टार्टनंतर होते. विंडोजवर टेलस्केल एरवी युजरने लॉगिन केल्यावरच जोडलं जातं, आणि डोमेन युजरचं पहिलं लॉगिन डीसी (डोमेन कंट्रोलर, लॉगिन तपासणारा सर्व्हर) दिसल्याशिवाय होत नाही, कारण मशीनवर त्याच्या लॉगिनचं काहीच कॅश झालेलं (साठवलेलं) नसतं. डीसी अंधेरीच्या ऑफिसात, लॅपटॉप बदलापूरला घरी, आणि युजर लॉगिनच्या स्क्रीनवर अडकलेला. म्हणून जॉइनच्या आधीच ऑथ-की (मशीन जोडायची तयार चावी) देऊन टेलस्केल अनअटेंडेड मोडमध्ये, म्हणजे कुणी लॉगिन नसतानाही जोडलेलं राहील असं, चालू करा.

जॉइनसाठी मात्र डीजॉइनच (विंडोजमधली ऑफलाइन जॉइनची कमांड) वापरा. ऑफिसात ‘/प्रोव्हिजन’ने फाइल बनवायची, लॅपटॉपवर ‘/रिक्वेस्टओडीजे’ने लावायची, स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठेवावा लागत नाही. फाइलमध्ये मशीन अकाउंटचा पासवर्ड असतो, त्यामुळे काम झालं की ती लगेच उडवा.

आणि कृपया टेलस्केल थेट डीसीवर टाकू नका. डीसी आपला टेलस्केलचा, 100 ने सुरू होणारा पत्ताही डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंदवतो, मग टेलस्केल नसलेल्या ऑफिसच्या पीसींनाही तो मिळतो, तिथे पोचता येत नाही आणि त्यांचं लॉगिन रखडतं. शेजारच्या एखाद्या मशीनवर सबनेट राउटर (टेलस्केलवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत वाट देणारं मशीन) करा आणि स्प्लिट डीएनएस लावून फक्त डोमेनच्या नावाच्या चौकशा डीसीकडे वळवा.