घरमालकांसोबत पाहायला कन्नड विनोदी चित्रपट सुचवा

मनवा_जयनगर: रविवारी घरमालक काका-काकू आमच्याकडे जेवायला येताहेत. मूळचे कर्नाटकातल्या मंड्याकडचे. साताऱ्याहून आई-बाबाही आलेत, त्यांना कन्नडचं ओ की ठो कळत नाही. जेवणानंतर सगळ्यांना पाहता येईल असा विनोदी कन्नड चित्रपट हवाय. इंग्रजी सबटायटल्स पाहिजेत (बाबा वाचतात, आईला मी सांगेन). दोनेक तासांत संपावा, चित्रपटाचं ऑनलाइन भाडं दीडशेच्या आत. नवीन सबस्क्रिप्शन घेणार नाही. आणि भूत नको, आई रात्रभर दिवा लावून बसते.

सिनेकिडा: 'सु फ्रॉम सो'. डोळे झाकून लावा. जुलै 2025 मध्ये आला तेव्हा थिएटरात माझ्या शेजारचा माणूस खुर्चीवरून घसरला होता. राज बी. शेट्टी त्यात गुरुजी झालाय, बस.

मनवा_जयनगर: त्यात भूत आहे ना?

सिनेकिडा: नाही हो. अशोकाच्या अंगात सोमेश्वरची सुलोचना आलीये असा गावाचा समज होतो, एवढंच.

अण्णा_बेळगाव: 'समज' आहे हे आईंना रात्री दोन वाजता कोण समजावणार? अनंत नागचा 'गणेशन मदुवे' (1990) लावा. एका आवारातली बिऱ्हाडं, मालकाच्या पोरीशी गणेशचं रोजचं भांडण, आणि ज्या गायिकेला तो प्रेमपत्रं धाडतो ती हीच, याचा त्याला पत्ता नाही! भाडेकरूंनी मालकाला बसवून मालकाचीच फजिती दाखवायची, यापेक्षा काय हवं?

भाडेकरू_आजन्म: आणि पुढच्या महिन्यात भाडं वाढलं की अण्णा भरणार का?

चकचकीत_टाळू: 'ओंदु मोट्टेय कथे' (2017) कुणालाच आठवला नाही? मंगळूरचा टकला प्राध्यापक, कन्नड शिकवतो, कन्नड नट राजकुमारचा भक्त, लग्न काही जमेना. दिग्दर्शक आणि नायक दोन्ही राज शेट्टी. मी सासरी दाखवला, तेव्हापासून मेहुणा माझ्या डोक्यावर बोलत नाही. 'उजडा चमन' त्याचाच रिमेक, तो पाहून मूळावर काट मारू नका.

65_इंची: लहान पडद्यावर विनोद पोचत नाही. मी दिवाळीत मोठा टीव्ही आणि साउंडबार घेतला. त्यावर 'कांतारा' पाहा, घर हादरतं.

मनवा_जयनगर: 'कांतारा' विनोदी कधीपासून?

नाट्यवेडा_पुणे: अनंत नाग मुंबईत मराठी नाटकं करायचा, हे इथे किती जणांना माहितेय? त्याचा भाऊ शंकर नाग '22 जून 1897' या मराठी चित्रपटात होता. शिवाय आपल्या 'बनवाबनवी'चाच कन्नडवाल्यांनी 2003 मध्ये 'ओलू सार् बरी ओलू' केला.

अण्णा_बेळगाव: 'बनवाबनवी' तरी कुठे अस्सल? 'बीवी और मकान', 1966.

नाट्यवेडा_पुणे: त्यात लक्ष्या होता का? नाही ना? मग बोलू नका. आणि बेळगावकरांनी कन्नडची एवढी तळी उचलावी याचं नवल वाटतं.

अण्णा_बेळगाव: सीमाप्रश्न इथे काढू नका. धागा बंद पडेल.

उशिरा_आलेली: भाडं भरण्याआधी तपशिलात सबटायटल्सची भाषा बघून घ्या. आम्ही भरल्यावर कळलं, फक्त कन्नडच होती. पैसे परत मिळाले नाहीत.

सिनेकिडा: म्हणून म्हणतो, 'सु फ्रॉम सो'.

मूक_वाचक: मंड्याचे पाहुणे आणि 'तिथि'चं नाव कुणी काढलं नाही! 101 वर्षांचा सेंच्युरी गौडा मरतो, आणि अकराव्याच्या कार्यापर्यंत पुढच्या तीन पिढ्यांचे उद्योग चालतात. मुलगा गड्डप्पा दारू पीत भटकतोय, नातू वडिलांची जमीन विकायच्या खटपटीत, पणतू एका पोरीच्या मागे. नट जवळपास सगळे तिथल्या गावांतलेच लोक. लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं होतं. पण मी सांगितलं म्हणून लावू नका हं. शिव्या भरपूर, गती संथ.

भाडेकरू_आजन्म: पाहुण्यांना जेवू घालून अकराव्याचा सिनेमा? अहो, काहीतरी!

सिनेकिडा: आई-वडिलांसोबत 'तिथि'? अजिबात नको.

चकचकीत_टाळू: मीही हेच म्हणतो. टकल्याचा बघा.

मनवा_जयनगर: सगळ्यांचे आभार. 'तिथि' लावतेय. जिन्यात काकांना विचारलं, तर म्हणाले, आमच्याकडची बोली पडद्यावर नीट कुणी बोलतच नाही, हाच लाव. बाबांना जमिनीची भानगड सांगितली, तर ते आपल्या भाऊबंदांची नावं घेऊन हसायलाच लागले. इंग्रजी सबटायटल्स आहेत, तपासलं. शिवी आली की आईला काहीतरी भलतंच सांगेन.

65_इंची: कुठल्या टीव्हीवर?